खिडकीचं अपील आणि रंभेचा तिसरा अंक

तालुक्याच्या कोर्टाने दिलेल्या निकालपत्रात माझ्याविषयी एक वाक्य आहे. "प्रतिवादी क्रमांक दोन यांस वादीच्या अंगणात पाहण्याची सवय असल्याचे त्यांच्याच साक्षीवरून दिसून येते."

प्रतिवादी क्रमांक दोन म्हणजे मी, तृप्ती. क्रमांक एक म्हणजे आमचे हे, कैलाश. ते आसगावच्या शाळेत गणित शिकवतात आणि त्यांना कशाकडेच पाहण्याची सवय नाही. सकाळी भाजीत मीठ आहे की नाही हेसुद्धा ते मला विचारून ठरवतात. तरी निकालपत्रात नाव निघालं ते माझं.

आता मला सांगा, डोळे असलेल्या माणसाने पाहू नये तर काय करावं? माझं माहेर नाकाडोंगरीचं. तिथे घरामागे जंगल लागतं. मोहफुलं वेचायला निघालेल्या बाईला आधी अस्वल पाहावं लागतं आणि मग मोहफूल. हा क्रम ज्यांनी उलटा केला त्यांच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. तेव्हा सवय आहे, हे मी नाकारत नाही. पण सवय असणं वेगळं आणि ती शिक्क्यासकट सरकारी कागदावर येणं वेगळं.

खिडकीची हकिकत लांबवत नाही. स्वयंपाकघरात उजेड नव्हता म्हणून आम्ही मागच्या भिंतीला एक खिडकी पाडली. खिडकीबाहेर मंदाबाईंचं अंगण. अंगणापलीकडे बोडी, म्हणजे धानाच्या बांध्यांना पाणी द्यायचं लहानसं तळं, आणि बोडीच्या पाळीला लागून अंगणवाडी. आमची गुड्डी त्या अंगणवाडीत जाते. जाते म्हणजे आम्ही तिला पोचवतो. तिचा स्वतःचा ओढा बोडीकडे आहे. गोगलगायी गोळा करणं हे तिने आयुष्याचं ध्येय ठरवलंय आणि अंगणवाडीच्या फाटकाची कडी तिच्या उंचीला लागते. त्यामुळे मी फोडणी घालताना एक डोळा कढईवर आणि एक डोळा खिडकीतून त्या फाटकावर ठेवते. तिरळी होईन, पण फाटक सोडणार नाही.

आता फाटकाकडे पाहताना मध्ये मंदाबाईंचं अंगण येतं, याला मी काय करू? भूगोल मी केलेला नाही.

एकदा मंदाबाईंकडे मुलासाठी सोयरिकीचे पाहुणे आले होते. बाई ओसरीवर बोलण्यात रंगल्या होत्या आणि अंगणातल्या चुलीवर दूध वर वर येत होतं. मी खिडकीतून ओरडले, "मंदाबाई, दूध!" एवढंच. दूध वाचलं. पण पाहुण्यांतला एक जाडा गृहस्थ हसून म्हणाला, "तुमच्या शेजारणीचं बारीक लक्ष आहे बा तुमच्या घरावर!" त्या हसण्यातून दिवाणी दावा उभा राहिला. घराची खासगी बाजू, अंगणाचा आब, गावची वहिवाट, असे मोठमोठे शब्द त्यात होते. साक्षीच्या वेळी त्यांच्या वकिलांनी मला विचारलं, "दूध उतू जातंय हे तुम्हाला कसं कळलं?"

"दिसलं," मी म्हणाले.

"दिसलं. बस, बस. पुढे काही विचारायचं नाही."

मी राज्यशास्त्रात एम.ए. आहे. राज्यघटनेवर मी तासभर बोलू शकते. पण त्या "बस, बस"नंतर मी पिंजऱ्यातून गुमान खाली उतरले.

निकाल लागला, खिडकी विटांनी बुजवावी. त्याच आठवड्यात मंदाबाईंनी आमच्या खिडकीखाली विटांचा ढीग आणून टाकला. रोज पोळ्या लाटताना तो ढीग माझ्याकडे पाहायचा. ही म्हणे पाहण्याची सवय नव्हे!

कैलाश म्हणाले, "बुजवून टाकू ना. पोरीसाठी सीसीटीव्ही लावू. मोबाईलवर दिसते सगळं."

"आणि वीज गेली की?"

वीज दिवसातून किती वेळा जाते, हे गणित त्यांना तोंडी येत होतं. म्हणून अपील करायचं ठरलं. अपील म्हणजे वरच्या कोर्टात जाऊन खालच्या कोर्टाचं चुकलं म्हणणं. आणि ते तीस दिवसांच्या आत म्हणायचं असतं, नंतर बरोबर असलात तरी कोणी ऐकत नाही. मला ही गंमतच वाटली. सत्याला एक्सपायरी डेट असते हे आम्हाला एम.ए.ला शिकवलं नव्हतं.

वकील सुचवले सेवकरामजींनी. सेवकरामजी आमच्या गल्लीतले निवृत्त तलाठी. त्यांना अर्धा कायदा पाठ आहे, फक्त कोणता अर्धा ते त्यांनाही माहीत नाही. "चंद्रकुमारले धरा," ते म्हणाले. "पवनीत त्याच्यासारखा आवाज नाही. कोर्टात बोलला का बाहेरच्या चहावाल्याले ऐकू जाते."

ॲडव्होकेट चंद्रकुमारांचा आवाज खरोखर तसा होता आणि त्याला कारणही होतं. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. चंद्रकुमार आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचे गाजलेले खलनायक. दिवाळीपर्यंत वकिली, दिवाळीनंतर खलनायकी, असा त्यांचा वर्षाचा हिशेब. आम्ही गेलो तेव्हा दसरा होऊन गेला होता. एका हातात आमचं निकालपत्र आणि दुसऱ्या हातात 'उंबरठ्यावर उभी रंभा' या नव्या नाटकाची संहिता धरून ते बसले होते. मिशीला रंग लावून झाला होता, वाळायचा होता.

"काही टेन्शन घेऊ नका वहिनी. अपिलात सहा मुद्दे टाकतो. सहाही मजबूत."

"सातवा मी लिहून आणलाय," मी म्हणाले. निकालपत्रातलं ते वाक्य मला बोचत होतं. म्हणून मी एका कागदावर माझं म्हणणं उतरवलं होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "आई पाहते ती सवय म्हणून नव्हे, तर तिला दुसरा इलाज नसतो म्हणून. घराच्या भिंती कोणीही बांधाव्या, पण आईच्या नजरेवर भिंत बांधण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने कोणाला दिलेला नाही."

ते वाचून चंद्रकुमारांनी तो कागद निकालपत्राला टाचला. मग म्हणाले, "हे कायद्यात बसत नाही. पण डायलॉग बरा आहे. राहू द्या."

पवनीत टायपिंगचं एक दुकान आहे. तिथे कोर्टाचे कागद टाईप होतात, लग्नाच्या पत्रिका होतात आणि मंडईचा सीझन आला की नाटकंही होतात. अपील आणि रंभा एकाच दिवशी, एकाच मापाच्या लांब कागदांवर, एकाच छपाईयंत्रातून बाहेर आली. मी सह्या केल्या त्या पहिल्या आणि शेवटच्या पानावर, चंद्रकुमारांनी बोट ठेवलं तेवढ्याच जागी. मधली पानं वाचायला मागितली तर चंद्रकुमार म्हणाले, "वहिनी, वकिलावर भरोसा ठेवा ना!" मी भरोसा ठेवला. पाहण्याची सवय असल्याचा ठपका नुकताच बसला होता, त्यामुळे त्या काळात मी जरा कमी पाहत होते. नेमकं तेव्हाच पाहायला हवं होतं.

मुदतीच्या आत अपील लागलं. आम्ही पेढे वाटले नाहीत, पण मी त्या दिवशी विटांकडे पाहून हसले, हे खरं.

मग दिवाळी झाली. शेजारच्या गावात मंडई भरली. सकाळी मंदाबाई अंगणात सडा टाकता टाकता आमच्या सासूबाईंना, गोदावरीबाईंना, नाटकाचं सांगत होत्या. दावा सुनेशी होता, सासूशी बोलणं चालू होतं. आमच्याकडे भांडणातही नीट वाटण्या असतात.

"काय सांगू गोदाबाई! तो वकील चंद्रकुमार असा भयानक हसला का लहान पोट्टे रडले. अन् मंग रंभा म्हणते त्याले, का घराच्या भिंती कोणी बी बांधा, पण आईच्या नजरेवर भिंत बांधाचा अधिकार कोणाले नाही! बाप्पा बाप्पा! मी त रडलीच. एकावन्न रुपये बक्षीस देल्लं मी. भोंग्यावर नाव घेतलं माह्यं!"

मी खिडकीआड कणीक मळत होते. ऐकून मला फार बरं वाटलं. थोर विचार एकाच वेळी दोन डोक्यांत उगवतात असं वाचलं होतं, त्याचा हा पुरावा. त्या नाटककाराला पत्र लिहावं असंही मनात आलं. यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही. एम.ए.चं हे असं आहे.

थंडी सरत आली. अपिलाचा काही आवाज नाही. चंद्रकुमारांना फोन केला की मागून ढोलकी ऐकू यायची आणि ते म्हणायचे, "लागून जाईल वहिनी, नंबर लागून जाईल." तिकडे मंदाबाईंनी निकालाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त टाकली. "बेलीफ येऊन राहिला आता," असं त्या हवेत बोलायच्या, पण हवा नेमकी माझ्या खिडकीच्या दिशेने असायची. एक दिवस गवंडी येऊन खिडकीचं माप घेऊन गेला. त्या संध्याकाळी गुड्डी फ्रॉकच्या ओच्यात गोगलगायी घेऊन घरी आली, आणि फ्रॉक कमरेपर्यंत ओला होता. मी तेव्हा डाळ घोटत होते, क्षणभर खाली पाहिलं होतं. उघड्या खिडकीतून हे होतं, तर बुजलेल्या खिडकीतून काय होईल?

मी मोबाईलवर अपिलाचा शोध घेतला. हल्ली सगळ्या केसेस मोबाईलवर दिसतात. आमची दिसली नाही. मग गुड्डीला काखेत मारलं आणि भंडाऱ्याची बस पकडली.

जिल्हा न्यायालयात मी पहिल्यांदाच जात होते आणि खोटं कशाला सांगू, काळजीच्या जोडीने मला मोठं कुतूहलही वाटत होतं. लाल कापडात बांधलेले गठ्ठे, त्यांच्या गाठी, गाठींवरचे आकडे. एवढ्या लोकांची एवढी भांडणं इतकी शिस्तीत झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. गुड्डीने एका गठ्ठ्याची गाठ ओढायला सुरुवात केल्यावर मी भानावर आले.

फायलिंगच्या टेबलावरचे कारकून सज्जन होते. त्यांनी रजिस्टर पाहिलं, कपाट उघडलं, आमचा गठ्ठा काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी फार दिवसांनी सापडलेली नातेवाईक आहे.

"बाई, हे अपील तुमचं?"

"हो."

"आम्ही आक्षेप लावला होता. बोर्डावर होता. मुदत देली, वाढवून देली. कोणी आलंच नाही. शेवटी परत करायचा आदेश झाला. बसा. पाणी प्या." आणि त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवले.

पहिलं पान ठीक. माझं नाव, मंदाबाईंचं नाव, कोर्टाचं नाव. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, "अंक तिसरा. प्रवेश पहिला. स्थळ : घनदाट अरण्य. विजा चमकतात. रंभा धावत येते. तिच्या मागे बंदूक घेऊन भैरवसिंग." समासात लाल शाईने कोर्टाचे आक्षेप होते. "परिच्छेदांस क्रमांक नाहीत. अपिलाचे मुद्दे आढळून येत नाहीत. रंभा व भैरवसिंग हे खालच्या न्यायालयात पक्षकार नव्हते, त्यांस सामील करण्याची परवानगी घेतलेली नाही." शेवटच्या पानावर भैरवसिंग कड्यावरून कोसळत होता आणि त्याच्या खाली माझी सही होती.

"आम्ही सगळ्यांनी वाचलं," कारकून हळूच म्हणाले. "चांगलं आहे. पण अपील नाही."

मला सगळं एकदम उलगडलं. रंभा इथे असेल तर माझे सात मुद्दे कुठे असतील? मंदाबाई ज्यावर रडल्या तिथे!

चंद्रकुमारांना मी त्यांच्या घरी गाठलं. ते आरशापुढे राक्षसी हसण्याचा सराव करत होते. मी ते कागद पुढे ठेवले. हसणं मध्येच थांबलं.

"अरे बाप रे," ते म्हणाले. "म्हणजे तो सीन..."

झालं होतं असं. आमच्याकडच्या नाटकात कलाकार पाठांतराच्या भानगडीत पडत नाहीत. पडद्याआडचा प्रॉम्प्टर ओळ वाचतो, नट ती उचलतो. प्रॉम्प्टरच्या हातात तिसऱ्या अंकाच्या जागी माझं अपील आलं. तो इमानदार माणूस, समोर आलं ते त्याने वाचलं. रंभाही इमानदार, कानात आलं ते तिने म्हटलं. भैरवसिंगच्या बंदुकीसमोर उभी राहून ती गरजली, "खालच्या न्यायालयाने पुराव्याचे योग्य मूल्यमापन केलेले नाही!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग सातवा मुद्दा आला आणि बाया रडल्या.

"पण तुम्ही समोर उभे होतात ना?" मी विचारलं. "स्वतः लिहिलेलं अपील ओळखू आलं नाही?"

"वहिनी, मी लिहिलेलं मी परत कधी वाचतो? मले वाटलं लेखकानं सीन सुधारला. तवापासून प्रत्येक गावात लोक तोच सीन मागून राहिले!" एवढं बोलून ते ओशाळले. "काही बिघडलं नाही. विलंब माफीचा अर्ज टाकू. उशीर काहून झाला ते सांगायचं. पटलं तर कोर्ट मुदत वाढवून देते. फक्त सारा उशीर समजावून सांगावा लागते, मधला एक दिवस बी मोकळा सोडून चालत नाही. आपण मलेरिया लिहू."

"कोणाला?"

"तुम्हाले."

इथून आमच्या घरी सल्लागारांची बैठक बसली. मला मलेरिया नको होता. एक ठपका असताना दुसरा कशाला? सेवकरामजी म्हणाले, "मलेरिया चालत नाही, लवकर बरा होते. कोणाले तरी मारा. मयतीले कोर्ट नाही म्हणत नाही."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तेव्हा सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "मले मारा. माह्यं वय बी झालं. मले काय फरक पडते?"

"दाखला लागते गोदाबाई," सेवकरामजी हळहळले.

"मंग आजारी करा. आजाराले त मीच पुरी आहो."

दुसऱ्या दिवशी सासूबाई नवं लुगडं नेसून दवाखान्यात गेल्या, कण्हत कण्हत. डॉक्टरांनी बीपी पाहिला, साखर पाहिली, छाती ऐकली आणि म्हणाले, "आजी, सर्टिफिकेट देतो. तब्येत उत्तम असल्याचं देऊ?" परत येताना वाटेत आवळे दिसले म्हणून त्या बांध्यात उतरल्या, पदरात आवळे भरले आणि ताठ चालत गावात शिरल्या. अंगणात बसलेल्या मंदाबाईंनी हे सगळं पाहिलं. आणि म्हणे पाहण्याची सवय मला!

मी चंद्रकुमारांना सांगितलं, "खरं लिहा."

ते एकदम खलनायकी सोडून साधे झाले. "वहिनी, खरं लिहिलं त माही इज्जत काय राहील? कोर्टात सारे हसतील."

"आणि खोटं लिहिलं तर माझी खिडकी जाईल. तुम्हाला मुलगी आहे?"

त्यांना मुलगी होती. त्यांनी मिशी चोळली, बोटाला काळा रंग लागला. मग त्यांनी अर्ज लिहायला घेतला. मी समोर बसून प्रत्येक पान वाचलं, मधली दोनदा. प्रतिज्ञापत्रात त्यांनी स्वतःची चूक कबूल केली आणि नाटकाचं नाव, गाव, तारीख सगळं लिहिलं. सोबत पुरावा म्हणून तिसऱ्या अंकाची कोर्टातून नक्कल काढून जोडली. माझ्या पतीची प्रतिक्रिया एकच होती, "बघ बाई, तू एम.ए. आहेस."

सुनावणीच्या दिवशी दोन्ही पक्ष एकाच बसने गेले, कारण बस एकच होती. मंदाबाई आमच्या पुढच्या बाकावर. गुड्डी वाटभर त्यांच्या अंबाड्यातलं फूल मोजत होती. एकच फूल होतं, पण ती पुन्हा पुन्हा मोजत होती. त्यांनी मान हलवली नाही.

न्यायाधीश मॅडमनी अर्ज वाचला. वाचता वाचता त्यांनी एकदा चष्मा काढून पुसला. चंद्रकुमार उभे राहिले आणि असे गरजले की शेजारच्या दालनातून शिपाई पाहायला आला.

"वकीलसाहेब," मॅडम म्हणाल्या, "कोर्ट शेवटच्या रांगेत बसलेलं नाही. हळू."

मंदाबाईंच्या वकिलांनी हरकत घेतली. "मॅडम, ही सगळी बनावट कहाणी आहे. अपिलाचे मुद्दे मुदतीत तयार होते याला पुरावा काय? उद्या कोणीही म्हणेल की माझं अपील सर्कशीत गेलं होतं."

मॅडमनी चंद्रकुमारांकडे पाहिलं. "पुरावा आहे? ते मुद्दे त्या दिवशी, त्या नाटकात वाचले गेले हे कोण सांगेल? नाटक कंपनी तुमची. प्रॉम्प्टर तुमचा. निःपक्ष असं कोणी?"

चंद्रकुमारांनी सवयीने बाजूला पाहिलं. स्टेजवर त्यांना अशा वेळी पडद्याआडून ओळ मिळत असे. इथे पडदा नव्हता. डोळ्यांपुढे त्या विटा एकावर एक चढायला लागल्या आणि त्यांच्यामागे अंगणवाडीचं फाटक दिसेनासं झालं. गुड्डी माझी बोटं ओढत होती. आणि मला आठवलं, सडा, अंगण, एकावन्न रुपये, भोंगा.

मी उभी राहिले. उभं राहायची परवानगी असते की नाही हे मला ठाऊक नव्हतं. "मॅडम, साक्षीदार समोरच बसल्यात. मंदाबाई त्या मंडईत होत्या."

त्यांचे वकील घाईने म्हणाले, "माझ्या पक्षकाराचा नाटकाशी संबंध नाही!"

याने मंदाबाईंचा अपमान झाला. "काहून नाही? पयल्या रांगेत होती मी! एकावन्न रुपये बक्षीस देल्लं, भोंग्यावर नाव घेतलं माह्यं, साऱ्या गावाले विचारा!"

"बाई, बसा तुम्ही," वकील कुजबुजले.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "त्यांना बोलू द्या. बक्षीस कशासाठी दिलं?"

मंदाबाईंनी पदर खोचला, एक पाऊल पुढे आल्या आणि रंभेच्याच ढंगात हात वर करून माझा सातवा मुद्दा भर कोर्टात म्हणून दाखवला. सगळा. तोही पाठ, प्रॉम्प्टरशिवाय. "आईच्या नजरेवर भिंत बांधाचा अधिकार कोणत्याच कायद्यानं कोणाले देल्ला नाही!"

मॅडमनी अर्जासोबत जोडलेलं आमचं अपील उचललं, सातवा मुद्दा बोटाने धरला आणि तो शांत आवाजात वाचून दाखवला.

मंदाबाई ऐकत होत्या. मग त्या वळल्या आणि माझ्याकडे पाहिलं. खिडकीतून एवढ्या दिवसांत आम्ही एकमेकींकडे किती पाहिलं होतं, पण असं नाही.

"हे तू लिवलं?"

मी मान हलवली.

"अन् मी तुलेच बक्षीस देल्लं?"

मॅडम म्हणाल्या की वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला देता येत नाही, विशेषतः चूक इतक्या सद्भावनेने आणि इतक्या लोकांसमोर झालेली असताना. विरुद्ध पक्षाला अपिलाचा आशय मुदतीतच कळला होता आणि त्यांनी तो पसंतही केला होता. विलंब माफ. अपिलाचा निर्णय होईपर्यंत खिडकीला हात लावू नये. मग चंद्रकुमारांकडे पाहून त्यांनी एवढंच म्हटलं, "आणि पुढल्या वेळी मधली पानं वाचत चला."

बाहेर आल्यावर मंदाबाई म्हणाल्या, "मी रडली ते रंभेसाठी. तुह्यासाठी नाही."

"बरं," मी म्हणाले.

बसमध्ये त्या पुन्हा पुढच्याच बाकावर बसल्या. वाटेत अड्याळ आलं. मग न वळताच म्हणाल्या, "मंग खऱ्या अंकात काय होते व?"

"कशात?"

"अव, त्या रंभेचं! बंदुकीसमोर उभी होती ना ते. तुह्या अपिलानं त तो सीन खाऊन टाकला. लेखकानं काय लिवलं होतं?"

मला गंमत वाटली. इतके महिने हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कोणत्याच गावाला तिसऱ्या अंकात खरं काय होतं ते कळलेलं नव्हतं. ते फक्त कोर्टाला माहीत होतं, आणि आता मला. नक्कल माझ्या पिशवीत होती.

"कड्यापर्यंत वाचलंय," मी म्हणाले. "मोठं आहे. घरी या, वाचून दाखवते."

"तुह्या घरी मी कायले येऊ? केस चालू आहे."

हेही खरं होतं. तेव्हा मधला मार्ग निघाला. दुपारी मी खिडकीशी उभी राहून तिसरा अंक वाचते. मंदाबाई आपल्याच अंगणात, आपल्याच विटांच्या ढिगावर बसून ऐकतात. सरहद्द कोणी ओलांडत नाही. विटांवर त्यांनी आता गोधडीही अंथरली आहे. बसल्या जागेवरून त्यांना एका बाजूला बोडी दिसते, त्यामुळे मी वाचत असताना मध्येच एखादी हाक ऐकू येते, "गुड्डे! पाण्यापासून मागं हो! तुह्या मायले सांगू काय?" आणि मग तितक्याच जोरात, "हं, वाच पुढं."

मी एकदम वाचून संपवत नाही. इतके महिने कोर्टात काढले, काही तरी शिकले असेनच.

"आज इतकंच," मी पान मिटून म्हणाले. "पुढची तारीख उद्या."

"काहून व? रंभा कड्यावर लटकून आहे ना!"

"लटकू द्या. विलंब माफ आहे."

मंदाबाई काही तरी झणझणीत बोलणार होत्या. तोंड उघडलंही होतं. पण त्यांची नजर एकदम माझ्या खांद्यावरून मागे गेली, माझ्या स्वयंपाकघरात, आणि त्या विटांवरून ताडकन उठून ओरडल्या, "अव, दूध!"

मी वळून गॅस बंद केला. साय काठापर्यंत येऊन थांबली होती. दूध वाचलं.

खिडकीशी परत आले. मंदाबाई गोधडी सारखी करत होत्या. मी अगदी त्यांच्या वकिलांच्या आवाजात विचारलं, "दूध उतू जातंय हे तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दिसलं," त्या म्हणाल्या.